कानाडोळा

सारेमा बेटावरच्या या शाळेत
मी बॉयलर पेटवतो, बर्फ ओढतो, दिवे बदलतो.
मंगळवारी सायकलींच्या छपरामागे फावडं चालवताना
बर्फाच्या आतून बारीक शिट्टी आली.
पाखरू म्हणावं, तर जानेवारीत इथे पाखरू कुठलं.

उकरलं. ऊकूचं कानातलं यंत्र,
काजूसारखं वाकडं,
मूठ मिटली की किंचाळतं, उघडली की गप्प.

ऊकू पायरीवर, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
म्हणाला, पडलं.
पडलेली वस्तू चाळीस पावलं चालत जात नाही
हे त्यालाही ठाऊक, मलाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या,
मुलंच ती, मस्ती करणारच,
थोडा कानाडोळा करावा.

केवढा सोयीचा शब्द.
कान त्याचे अधू,
डोळे मिटायचे ते आम्ही.

आमच्या वर्गात एंदेल होता,
एक पाय लोखंडी पट्ट्यांत.
कोटांच्या खोलीत त्याला कोंडायचे.
आधी हाका यायच्या, मग पट्ट्यांचा खणखणाट,
मग तोही नाही.
मी कधी हात उगारला नाही त्याच्यावर.
मी नुसतं दार धरायचो बाहेरून.
दार धरणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही.

खोली तीच आहे अजून. दारही.

बुधवारी शाळा सुटल्यावर पेचकस घेतला
आणि ते दार बिजागऱ्यांतून उतरवायला लागलो.
पाच स्क्रू निघाले, सहावा गंजलेला, हटून बसलेला.
मागे कुणीतरी. लीसबेत, ऊकूच्याच वर्गातली.
मी काही विचारलं नाही.
तिनं तळहात पुढे केला, स्क्रू ठेवायला.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
फेकणारे तिघे होते.
हसणारे आम्ही नऊ.

बाईंना सांगशील?
ती स्क्रू मोजत राहिली.
पुन्हा पहिल्यापासून.

दार आता बॉयलरशेजारी भिंतीला टेकलंय.
बाई विचारतात, कधी बसवणार?
बिजागरी मागवलीय, म्हणतो.
खोटं बोलायला या वयात
तेवढा हक्क असावा माणसाला.

आज सकाळी लीसबेत
बाईंच्या खोलीबाहेर उभी होती,
एक मोजा घसरलेला,
हात मुठीपर्यंत येऊन परत खाली.
ते दार जड आहे, ओकचं, आपसूक मिटणारं.
मी बादली खाली ठेवली
आणि धरलं,
उघडं.