निळा ठिपका

सोळा फ्लॉवर लावले होते, सकाळी नऊ.
बाकीच्यांच्या जागी नुसते देठ,
जळक्या काडीएवढे,
आणि ओल्या मातीवर चंदेरी रेघ
इकडून तिकडे, सही केल्यासारखी.

आमच्या वेल्समधल्या या गावात
सगळी कुंपणं पाटीच्या दगडाची.
डोंगर पोखरून काढलेला चांगला दगड
दूरदूरच्या गावांची छपरं शाकारायला गेला,
उरलासुरला आमच्या वाट्याला आला,
चुना नाही, सिमेंट नाही, नुसता एकावर एक.
त्याच्या फटीफटीत त्या दिवसभर झोपतात.
भाडं नाही, घाई नाही.
पहाटे पाटीवर त्यांचं लिखाण.
पुसलं तरी दुसऱ्या दिवशी तोच धडा.

सगळं करून पाहिलं.
अंड्यांची टरफलं पसरली, त्यावरून चालत आल्या.
बशीत बिअर ठेवली:
सकाळी दोन मेलेल्या, आणि मोर्विदचा कुत्रा झिंगलेला.
तारेला अडकलेली मेंढ्यांची लोकर वेचून
रोपांच्या गळ्याभोवती गुंडाळली.
मफलर घालून उभी राहिली रोपं
आणि मफलरसकट गेली.
मीठ मी टाकत नाही.
एकदा टाकलं होतं. त्याचा आवाज होतो.

तेव्हा इडवाल म्हणाला, भिंतीपलीकडून,
तोंडातला पाइप न काढता,
"लांब फेकून दे. परत येत नाहीत."

इडवालच्या घेवड्याच्या पानाला
कधी एक भोक नसतं.
चॅपलमध्ये शेवटच्या बाकावर बसतो,
मान खाली, आवाज मऊ.
गोगलगाय अन् पोटात पाय.

मी खणातून नेलपॉलिश काढलं,
नाचाला जायचे त्या काळातलं, लाल, घट्ट झालेलं.
दोन थेंब थिनर घालून हलवलं.
रात्री टॉर्च दातांत धरून
एकेकीच्या शंखावर एकेक ठिपका.
काही जणी शिंगं आत ओढून गप्प राहिल्या,
न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरांसारख्या.
वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.
बावीस झाल्या.
मग, देवा क्षमा कर,
बावीसच्या बावीस इडवालच्या घेवड्यात.

तिसऱ्या रात्री माझ्या फ्लॉवरवर
सात लाल ठिपके.
त्यातल्या एकीच्या पाठीवर
लालाला खेटून निळा.

तो निळा मी ओळखते.
त्याच्या फाटकाचा आहे.

नळावर भेटलो.
त्याच्या अंगठ्याच्या नखात निळं, माझ्या बोटांवर लाल.
"पाऊस येईल," तो म्हणाला.
"येईलच," मी म्हणाले.
इथे हे बोलून कुणी कधी खोटं पडलेलं नाही.

मे महिनाभर चाललं.
एक तर चार ठिपके घेऊन आली,
शिक्क्यांनी भरलेल्या पासपोर्टासारखी.
कुणी याला टपाल म्हणेल. मी नाही म्हणणार.
टपालाने माझी रोपं खाल्ली नसती.

जूनमध्ये निळे यायचे थांबले.
मोर्विदने सांगितलं: छाती. बँगोरचं इस्पितळ.
खाणीतली धूळ, चाळीस वर्षांपूर्वीची,
आत्ता बाहेर पडायचं म्हणतेय.

त्या रात्री रिपरिपीत
मी पहिल्यांदा भिंत ओलांडली.
गुडघ्याने नको म्हटलं, तरी.
घेवड्याच्या पानांची जाळी झालेली.
एकोणतीस वेचल्या, बादलीत टाकल्या.
माझ्या बाजूला फेकण्याइतकी थोर मी नाही.
ओढ्यापलीकडे नेल्या, खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर.
पाणी ओलांडून त्या येत नाहीत म्हणतात.
(हेही इडवालनेच सांगितलेलं,
म्हणून पुलावर जरा थांबले.)

बादलीच्या तळाशी एक चिकटून उरली.
निळा ठिपका, अर्धा खरवडलेला.
तिला घरी आणलं,
फ्लॉवरच्या ओळीत अगदी शेवटी ठेवलं.
ते रोप तसंही वाकडंच होतं.