चोच

नात शब्द पाठ करते आहे.
घोडबंदरच्या एका शाळेत स्पर्धा आहे,
इंग्रजीतले असे शब्द, जे ती म्हणते
इंग्रजांनाही रोज लागत नाहीत.
मी कागद धरून बसतो. अर्थ तिच्या आईने मराठीत लिहिलेत.
शब्द मला वाचता येत नाहीत,
चुकलं की ती आपणच जीभ चावते, तेवढ्यावरून कळतं.

“अ‍ॅग्लेट.
बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं ना
प्लॅस्टिकचं नळकांडं, ते.”

मी कागद मांडीवर ठेवला.

सव्वीस वर्षं. वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
पत्र्याची शेड, पहिली पाळी सातची.
नाडी डावीकडून, फिल्म उजवीकडून,
पाय दाबला की गरम जबडा मिटायचा :
टक.
पाळीला नऊ हजार.
चलनावर लिहायचे टिप. शेठ म्हणायचा माल.
आम्ही म्हणायचो चोच.
“चोच नसली तर नाडी दाणे कशी टिपणार?”
हे तुळसा मोहितेचं. म्हणायची आणि स्वतःच हसायची,
पाय न थांबवता.

“ल्युन्युला.
नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असते ती.”

तुळसाचं बोट त्या जबड्यात गेलं
एका श्रावणात, उपासाच्या दिवशी.
कामगार हॉस्पिटलात मीच नेलं होतं, रिक्षाने.
नख परत आलं, जाड, पिवळट.
कोर आली नाही.
ती म्हणायची, या बोटाला कायमची अवस.

“डिफेनेस्ट्रेशन.
माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं.”
यालाही शब्द?
“हो आजोबा, राजवाड्यातून वगैरे फेकायचे.”
आणि दारातून काढलं तर?
तिने वही चाळली. मोबाईल पाहिला.
“नाहीये.”
नसणारच. खिडकी कधीतरी, दार रोजचं.
आमच्या वेळी कुलूप नवं होतं, वॉचमन जुनाच.
तो आमच्याकडे बघेना,
कुलपाकडेच बघत राहिला,
जणू ते पळून जाईल.

“ओव्हरमॉरो.
उद्याच्या पलीकडचा दिवस.
हा शब्द त्यांच्याकडून हरवला, माहितीये?
आता लांबलचक सांगावं लागतं त्यांना.”
मी विचारलं, तुझी स्पर्धा कधी?
“परवा,” ती म्हणाली
आणि थबकली.
मग म्हणाली, “एवढंच?”
एवढंच. भाजीवालासुद्धा वापरतो.
पुढे तेरवा आहे, तो फुकट.

शेठच्या मुलाकडे हा एकच शब्द होता.
हिशेब? परवा.
ग्रॅच्युइटी? परवा.
आम्ही चाळीस जण डबे घेऊन जायचो,
काम नसताना डबा कशाला, कोणी विचारलं नाही.
आता तिथे काचेची इमारत आहे.
गळ्यात पट्टे घातलेली पोरं टपरीवर चहा पितात,
मी त्यांच्या बुटांकडे बघतो. खोड.

“पण आजोबा, परवा म्हणजे
होऊन गेलेलापण ना?”
दोन्ही.
“मग कळतं कसं?”
क्रियापदावरून. परवा आलो, परवा येईन.
ती मान हलवून पुढच्या शब्दाकडे गेली.
मी तिथेच राहिलो.
शेठच्या मुलाने क्रियापद
कधी लावलंच नव्हतं.

रात्री तिचे बूट बाहेर काढले, पॉलिशला.
एका नाडीची चोच गेलेली, दोरे पिंजारलेले.
मेणबत्तीवर टोक धरलं,
बोटं थुंकीने ओली करून वळलं.
बोटांना आठवतं.
तोंडाने मीच आवाज केला : टक.

कागद अजून मांडीशी होता.
पहिल्या शब्दासमोर सुनेच्या सुबक अक्षरात
‘नाडीचे टोक’.
मी पेन शोधलं.
तिचं काही खोडलं नाही.
शेजारी जागा होती, तिथे लिहिलं.