सत्तरावा सेकंद

अंगठी निघेना, म्हणून साबण लावला.
चव्वेचाळीस वर्षांची, तौनो म्हणाला,
बोटानं तिच्याभोवती मांस वाढवलंय,
झाड कुंपणाची तार गिळतं तसं.
निघाली शेवटी.
कागदी कपात ठेवली, कपावर त्याचं नाव लिहिलं.

तो कोर्पो बेटावर होड्या बांधतो.
बांधायचा.
बर्फातून फेरीबोट उशिरा सुटली,
तुर्कूत पोचेपर्यंत तीन वाजले
आणि जानेवारीतला दिवस खिडकीबाहेर
निघायच्या बेतात.

शीर शोधली. दोनदा हुकली.
"लाकूड जुनं आहे," तो म्हणाला, "बाजूनं ठोक."

औषध बिनरंगाचं, पाण्यासारखं.
त्यातल्या धातूला नाव मिळालंय
ह्याच शहरातल्या एका जुन्या प्राध्यापकावरून.
सांगितलं तर म्हणाला,
"म्हणजे गाववालाच. येऊ दे आत."

मग काचेपलीकडून मी त्याला नुसता आवाज:
श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.
यंत्र ठोकत राहतं.
आमच्या शेडमध्येही ठोकाठोक असायची, तो नंतर म्हणेल,
पण तिथे प्रत्येक ठोक्याला कारण होतं.

विसाव्या सेकंदाला धमन्या पेटतात.
सत्तराव्याला यकृत भरून येतं,
काठोकाठ, करडं-पांढरं,
आणि मी शोधते ती जागा
जी ऑक्टोबरात सुई घालून जाळली होती.
त्याआधी सगळ्यांत पहिली तीच उजळायची.
भूक होती तिला. आलेल्या रक्तावर
पहिला हात तिचा.

मी जन्मभर उजेडाच्या बाजूची.
हिवाळा लागला की खिडकीत दिवा,
इथे सगळेच लावतात, मीही लावते.
आणि ह्या खोलीत बसून मनात म्हणते:
पेटू नकोस.
पेटू नकोस गं, काळीच राहा.

राहिली.
होडीच्या बुडाला लावलेल्या डांबराइतकी काळी.
फक्त डाव्या कडेला एक बारीक पांढरी रेघ,
नखाच्या मुळाशी असते तेवढी.
भरत आलेल्या जखमेची असते ती कधी.
कधी नसते.
ते सांगणं माझं काम नाही. वरच्या मजल्यावर
डॉक्टर हाग्लुंड उद्या पाहतील,
जुनं चित्र शेजारी ठेवून, मोजपट्टी लावून.

सुई काढली, कापूस दाबून धरला.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता.
हातांकडे बघत होता.

"नवी होडी पाण्यात सोडली," तो म्हणाला,
"की पहिली रात्र आम्ही तिच्या तळाशी बसायचो, कंदील घेऊन.
लाकूड फुगेपर्यंत थोडं झिरपतंच.
झिरपण्याचं काही नाही.
सकाळी किती साचलंय, ते बघायचं."

मी कागदी कप पुढे केला.
अंगठी सहज आत गेली.
बोटावरचा साबण अजून सुकला नव्हता.