सहा महिने वैध

वारज्याच्या पुलाखाली आमची ओम्नी
चार वर्षं जागची हललेली नाही.
टायर बसलेत. तिची स्वतःची पीयूसी कधीच संपली.

मी सायलेन्सरमध्ये नळी खुपसते,
आकडा थरथरतो, प्रिंटर कुरकुरतो:
पन्नास रुपयांत सहा महिने
पुण्याच्या हवेत धूर सोडायची मुभा.
माझ्या ओढणीत राहतो तो धूर
कुठल्या पावतीवर येत नाही.

मागच्या दिवाळीला दिवसाला साठ गाड्या होत्या,
आता चाळिसावरच अंधार पडतो.
बाकीच्या समोरून जातात बॅटरीवर,
ओळख न दाखवणाऱ्या नातलगांसारख्या.

परवा सवयीने रांगेत लागले खांबेटे सर,
नवी कोरी स्कूटर. मी नळी घेऊन मागे वाकले
आणि दोघंही हसलो.
“धूरच नाही हो!” म्हणाले,
नातवाचं बारसं सांगावं तसे.

माझा भाऊ चंद्रपूरला, राखेच्या पाइपलाइनवर.
फोनवर आधी खोकतो, मग बोलतो.
सरांना म्हणणार होते,
सायलेन्सर तिकडे आहे,
माझी नळी दीड मीटरची.

गिळलं. गिऱ्हाईक जुनं.
तरीही त्यांनी पन्नासची नोट पुढे केली.
घेतली नाही.
चहा मात्र घेतला, त्यांच्या पैशाने.