खालची प्रत

अकरा वर्षं मी काचेच्या आतल्या बाजूला होते,
शाहूपुरीच्या शाखेत, दोन नंबरच्या खिडकीत.
ओल्या स्पंजावर बोट टेकवून लोकांचे पैसे मोजले,
कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.
सही जुळली की झालं.

आता मधे काच नाही.
पिशवीत पावतीपुस्तक, एक निळा कार्बन
आणि धडगावच्या डोंगरातल्या वसतिगृहाचं पत्र:
‘कु. प्रिस्का सोनुले, अवश्य यावे.
पगार देता येत नाही.
आपला आधार आपणच उभा करावा.’

बाबा म्हणायचे, सोनुल्यांनी कधी
कुणापुढं हात उताणा केलेला नाही.
त्यांच्या फोटोसमोरून मी
पिशवी ओढणीआड धरून बाहेर पडले,
चोरासारखी.

पहिल्या दिवशी सात दारं, घंटी एकही नाही.
उद्यमनगरच्या नाक्यावर उसाचा रस प्याले
आणि परतले.
रात्री म्हटलं, प्रभू, तूच पाठव ना मनिऑर्डर,
हे दारोदार कशाला?
उत्तर काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एलियाजर काकांकडे.
फाउंड्रीतले. तीन बोटांवर भाजल्याचे जुने डाग.
मी वसतिगृहाबद्दल, मुलींबद्दल, पावसाबद्दल बोलत राहिले,
रकमेपाशी आले की घसा कोरडा.
ते म्हणाले, ‘किती पायजे ते सांग की. लाजतीस काय?
तू मागायचं न्हाई,
तर आमी द्यायचं कुणाला?’

मार्था आवळेंनी दर महिना साठ लिहायला सांगितले.
पेन्शन केवढी ते मला ठाऊक होतं,
त्यांचं पासबुक मीच भरायचे.
म्हटलं, मावशी, तुम्ही नुसती प्रार्थना करा.
त्यांनी पेन माझ्या हातात कोंबलं:
‘प्रार्थना तर करतेच. तू माझा वाटा मारू नकोस.’
साठ लिहिताना मला कळलं,
नको म्हणण्यातही केवढी ऐट असते.

बँकेतली ऊर्मिला पत्रावळे म्हणाली,
‘माणसं फिरवायला निघालीस होय गं?’
मी म्हटलं, मुलींच्या वेण्या घालायला, पाढे घ्यायला,
आणि कुणी विचारलंच
तर मी कुणाच्या भरवशावर जगते ते सांगायला.
ती बराच वेळ कॅल्सीवर काहीतरी बडवत बसली.
मग पाचशेची नोट.
‘तुझ्या चपलांसाठी. मिशनला नव्हे. पावती नको.’
मी तरी फाडली. तपशील: चप्पल.
ती हसली, आणि पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

डॉक्टर समुद्रे चार वेळा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाले.
तिसऱ्यांदा परतताना रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
मी त्यांच्या गाडीची किंमत काढली,
दात खाऊन त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली,
तिची चव मला अजून आठवते.
चौथ्यांदा दार उघडं होतं.
आतल्या खोलीत त्यांची बायको, दोन वर्षं अंथरुणात,
म्हणाली, नखं फार वाढलीत गं,
कुणाला सांगायची लाज वाटते.
मी नखं काढली. दहाही बोटांची, मग पायांची.
जिना उतरून आल्यावर आठवलं
की पैसे मागायचे राहिलेच.

अजून महिन्याला एकोणीसशे कमी पडतात.
वरची प्रत त्यांच्याकडे, खालची माझ्याकडे.
रात्री मी पुस्तक उघडते, अंगठ्याला निळं लागतं.
बँकेत मला खाते क्रमांक पाठ होते,
आता नावं पाठ आहेत:
कुणाची सून नांदत नाही,
कुणाचा मुलगा दुबईतून फोन करत नाही,
कुणाला साखरेचं इंजेक्शन स्वतःला टोचवत नाही.
एकेक नाव मोठ्यानं वाचते, त्याच्यापुढं ठेवते.
बाबा भिंतीवरून ऐकतात. काही बोलत नाहीत.

पावती क्रमांक तेवीस.
नाव मी आधीच लिहून ठेवलं होतं, हावरटासारखं:
डॉ. समुद्रे.
रक्कम कोरी.
तिथं मी जास्त वेळ थांबते.