पाचवा तास

वजाबाकीत शेजारच्या घरातून घेतात ना,
तसा उसना घ्यायची मी
गुरुवारचा पाचवा तास, नववी ‘ब’चा.
“उईके सर, पोर्शन राहिलाय.”
“घ्या मॅडम,” म्हणायचे ते, शिट्टी खिशात टाकत,
आणि स्टाफरूममध्ये जाऊन
दुसऱ्यांच्या हजेरीपटांवर रेघा मारून द्यायचे.
उसना परत करायचा नसतो.
शेजारचं घर एकाने कमी होतं, एवढंच.

सक्करदऱ्यातली आमची शाळा.
अर्धं मैदान सायकल स्टँडने खाल्लेलं,
उरलेल्यात नव्या इमारतीची गिट्टी.
कुलपात दोन व्हॉलीबॉल, हवा गेलेले,
आणि जुन्या पेपरांत गुंडाळलेले खो-खोचे खांब.
वरच्या घडीवर माझाच प्रश्न होता:
नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर किती वेळात.

यंदा सव्वीस जानेवारीच्या तालमीत
सात जण बसले खाली.
ऊन तरी कुठलं? सकाळचे साडेआठ,
पोरांच्या तोंडून वाफ निघत होती.
ईश्वरी नंदनवार आधी, मग तिच्या मागची,
मग प्रज्योत मेश्राम, ज्याला वर्ग भलत्याच नावाने हाक मारतो
आणि मी ऐकलं नाही असं करते.
कोणी लिंबूपाणी आणलं, कोणी म्हणालं डबा खात नाहीत,
कोणी मोबाईलला शिव्या घातल्या.
मी फक्त मोजले.
सातही माझ्या पाचव्या तासाचे.

रात्री हिशेब मांडला, सवय आहे.
तेवीस वर्षं, वर्षाचे तीस गुरुवार,
सहाशे नव्वद.
पुढे गुणाकार केला नाही.

पुढच्या गुरुवारी म्हटलं, “सर, तुमचा तास.”
ते जरा वेळ बघतच राहिले.
मग म्हणाले, “तुम्ही पण या. वेळ लावायला कोणीतरी लागते.”

गिट्टी सरकवायलाच दोन गुरुवार गेले.
तिसऱ्या गुरुवारी चुन्याच्या रेषा पडल्या.
चार पोरी भिंतीला टेकून,
“मॅडम, पोट दुखून राह्यलं.”
खरं किती, खोटं किती, मी विचारलं नाही.
मीही नववीत काटोलला असंच सांगायची,
धावणं मला आवडत असूनसुद्धा.

ईश्वरी चौकोनात बसली. पाठ ताठ.
फळ्यापुढे तिची मान कधी वर झालेली
मला आठवत नाही.
खो मागून येतो, दिसत नाही,
ऐकावा लागतो.
ती ऐकत होती.
आणि उठली ती अशी, की उईके सरांची शिट्टी
तोंडातच राहिली.
खांबाला हात लावून वळताना
तिचा अख्खा देह एक कोन झाला,
मी कधी शिकवला नव्हता तो.

लगेच सगळं बदललं वगैरे नाही.
एका आईचा फोन आला, ट्यूशनला झोप येते म्हणून.
हेडसरांनी पोर्शनची तारीख विचारली.
मार्चमध्ये ऊन चढलं, तास सकाळी सातला घ्यावा लागला,
निम्मे उशिरा आले.
त्या भिंतीच्या चारपैकी दोघी अजून भिंतीलाच आहेत.

प्रज्योत खेळत नाही. तो चालतो.
कडेकडेने, गिट्टीला वळसा घालून,
कोणाकडे न बघता.
एक दिवस वही घेऊन आला, गणिताचीच.
समासात लिहिलेलं: १ फेरी = ?
मग दोरी आणली, दोघांनी मैदान मोजलं,
एकशे बासष्ट मीटर.
त्याने तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, गुणाकार केला.
“मॅडम, सहा फेऱ्यांचा पुरा किलोमीटर होत नाही ना.
अठ्ठावीस मीटर कमी पडून राह्यले.”

सहावी संपवून तो थांबला होता, घामाघूम,
हात कमरेवर.
मी चपला काढल्या, गिट्टीपाशी ठेवल्या,
निऱ्या जरा वर खोचल्या.
चल म्हटलं,
तेवढे राहू द्यायचे नाहीत.