प्रश्न क्रमांक अकरा

मानसशास्त्राच्या एमएची एक मुलगी आली होती
कर्वेनगरात, आमच्या मेसवर, भात यायच्या आधी.
आफरीन मणेर. हातात झेरॉक्सचा गठ्ठा.
वीस प्रश्न. कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.
नाव लिहू नका म्हणाली.
गणराजने लिहिलं, मग खोडलं.

ठरवल्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का?
ठरवतो कोण, ताई.
किती वाजले बघायला फोन उचलतो,
अकरा चाळीस.
परत बघतो तेव्हा खाली
दूधवाला क्रेट आपटत असतो.

अभ्यासावर परिणाम होतो का?
एम-थ्री राहिलाय. तिसऱ्यांदा.
पुस्तक उघडलं की पोटात काहीतरी आवळतं,
स्क्रीन उघडली की सुटतं.
एवढंच आहे.
तुमच्यात याला काही नाव असेल.

घरच्यांपासून लपवता का?
नऊला पप्पांचा फोन येतो उदगीरहून.
जेवलास? जेवलो.
अभ्यास? चालूय.
त्रेचाळीस सेकंद.
मग चार तास मी अनोळखी माणसांचं हसणं बघतो,
कुणी कढईत कांदा परततं,
कुणी प्लेसमेंटचं पत्र कॅमेऱ्यापुढे धरतं,
तर तो आमचाच गणराज.
मी बदाम टाकला.
त्याच्या माझ्या कॉटमध्ये
फक्त एक बादली होती.

अकरावा :
फोन जवळ नसेल तर रिकामं वाटतं का?

मार्चमध्ये डिस्प्ले बदलायला टाकला होता डेक्कनला.
दीड दिवस.
अंगठा खिशात आपला आपणच वर सरकत होता.
म्हात्रे पुलावर थांबलो.
खाली पाणी कमी, जलपर्णीच जास्त.
पिशवीत मेथी घेतलेले एक काका शेजारी येऊन म्हणाले,
काय बघताय?

दोन वर्षं दहा महिने झाले होते पुण्यात.
हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.
मी म्हणालो, काही नाही,
आणि ते गेले.
तेव्हापासून
रात्री कुणाच्या तरी नावाखाली
टायपिंग असं दिसलं की
मी श्वास धरून बसतो.
बहुतेक वेळा ते पुसून टाकतात.

याला चौकट नव्हती.
मी चारही खुणा केल्या.
एकच निवडायचा असतो, ती म्हणाली,
आणि टेबलावर पालथा घातलेला तिचा फोन
उलटून पाहिला, परत पालथा घातला.
काही आलेलं नव्हतं.
तो चेहरा मला पाठ आहे.

मग भात आला.
तिने विचारलं, इथे बसू का?
मी ताट सरकवलं.